शिरस्त्राणाआडचे बालक

मुले पुस्तके वाचीत नाहीत, ही तक्रार आता घरोघर ऐकू येते. परंतु एखादा मुलगा व्हिडिओ गेमवर बेतलेली जाडजूड वैज्ञानिक कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसला, की तक्रार करणारी तीच वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. खेळ हा रिकामपणाचा उद्योग आणि त्यावरची कादंबरी ही त्या उद्योगाची जाहिरात, असा निवाडा पुस्तक न उघडताच दिला जातो. हा निवाडा सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो पुस्तक वाचून द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उदाहरणादाखल ‘हेलो’ या अमेरिकन खेळमालिकेचेच पाहू. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्राबरोबर नोव्हेंबर २००१ मध्ये हा खेळ बाजारात आला. सव्विसाव्या शतकात परग्रहवासीयांची बलाढ्य आघाडी मानवजातीवर तुटून पडली आहे आणि हिरव्या चिलखतातील एक सैनिक तिला तोंड देतो आहे, हे त्याचे कथासूत्र. या सैनिकाचा चेहरा खेळात उघड दिसत नाही. शिरस्त्राणाच्या काचेमागे खेळणाऱ्याने स्वतःलाच कल्पावे, अशी ती योजना आहे. खेळाच्या दृष्टीने ती योग्यच म्हटली पाहिजे. समोरून गोळ्या येत असताना आपण कोण, कोठले, याचा विचार करण्यास उसंत कोणास असणार?

ती उसंत कादंबरीने दिली. एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी खेळाच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरस्त्राण आणि बंदूक हाती येण्यापूर्वीचे बालपण तिच्यात येते. एका दूरच्या वसाहतीतील शाळेच्या मैदानावर खेळणारा जॉन नावाचा सहा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला न्याहाळणारी हॅल्सी ही शास्त्रज्ञ बाई आहे. जॉनसारखी पंचाहत्तर मुले पळवून नेली जातात. आईबापांना संशय येऊ नये म्हणून त्यांच्या जागी हुबेहूब प्रतिकृती ठेवल्या जातात आणि त्या लवकरच आजारी पडून मरतात. पळविलेली मुले चौदा वर्षांची झाल्यावर त्यांच्या शरीरांवर शस्त्रक्रिया होतात. त्यांत तीस मुले प्राणास मुकतात, बारा कायमची पंगू होतात, आणि उरलेली तेहतीस अजिंक्य सैनिक म्हणून बाहेर पडतात.

हे सारे परग्रहवासीयांच्या आक्रमणामुळे करावे लागले, असा वाचकाचा समज होण्याचा संभव आहे. पण आक्रमणाच्या कितीतरी आधी ही मुले पळविली गेली होती. मध्यवर्ती सत्तेविरुद्ध उठलेल्या मानवी वसाहती चिरडण्यासाठी हे सैनिक घडविले जात होते. जॉनची पहिली कामगिरी बंडखोरांच्या पुढाऱ्याला पकडून आणण्याची आहे, आणि त्या पुढाऱ्याचा तळ जॉनच्या जन्मभूमीच्याच सूर्यमालेत आहे! ज्या भूमीतून मूल चोरले, तिच्याच माणसांवर ते सोडले, हा त्याचा अर्थ. १९६१ पर्यंत परसत्तेचा अंमल सोसलेल्या गोमंतकातील वाचकास यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. बंडखोर कोणास म्हणायचे, हे नेहमी सत्ताधारीच ठरवीत आले आहेत.

पुढे कॅरन ट्रॅव्हिस या लेखिकेने हाच धागा उचलला. त्यांच्या २०१४ सालच्या ‘मॉर्टल डिक्टाटा’ या कादंबरीत घरी परत आलेली मुलगी आपली नव्हेच, हे ओळखणारा एक बाप आहे. तो बंडखोरांना जाऊन मिळतो आणि खऱ्या मुलीचा शोध वर्षानुवर्षे सोडीत नाही. ज्या वीराच्या विजयावर कोट्यवधी मुले टाळ्या पिटतात, त्या विजयाची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न त्याच मालिकेतील एक पुस्तक विचारते. याला निव्वळ जाहिरात कसे म्हणावे?

या साहित्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ पुस्तकांत लढायांच्या वर्णनांपलीकडे काही नसते. शिवाय लेखक येथे पाहुणा असतो. पात्रांची आणि त्यांच्या जगाची मालकी कंपनीकडे राहते. रीच ग्रहाच्या पाडावावर २०१० साली स्वतंत्र खेळ निघाला, तेव्हा नायलंड यांच्या तपशिलांशी त्याचा ठिकठिकाणी मेळ बसेना. ‘मास इफेक्ट’ या दुसऱ्या मालिकेतील ‘डिसेप्शन’ ही २०१२ सालची कादंबरी तर चुकांनी इतकी भरली होती, की चाहत्यांनी त्यांची सविस्तर यादीच केली. प्रकाशक आणि खेळाचे निर्माते या दोघांनाही जाहीर क्षमा मागून पुढील आवृत्तीत दुरुस्तीचे आश्वासन द्यावे लागले. मात्र यातून वाचकाचे जे दर्शन घडते, ते आम्हांस आशादायक वाटते. हातात पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासणारा वाचक कोणत्याही साहित्यास हवाच असतो.

कथेची पारख तिच्या कुळावरून करू नये, हा धडा मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातही आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागील हेतू. कथेने स्वतःच्या बळावर पारितोषिक मिळविले. मोठे नाव पाहून कथा थोर ठरवू नये, तशी खेळाचे नाव पाहून ती हीनही ठरवू नये.

खेळातून पुस्तकाकडे आलेल्या वाचकास पुढची वाट दाखविणे अवघड नाही. ‘हेलो’ विश्वातील तीन कादंबऱ्या २०११ ते २०१३ या काळात ग्रेग बेअर यांनी लिहिल्या. ह्यूगो आणि नेब्युला ही विज्ञानसाहित्यातील मानाची पारितोषिके मिळविलेल्या या लेखकाची ‘ब्लड म्यूझिक’सारखी स्वतंत्र पुस्तके त्या मुलाच्या हाती देता येतील. ‘स्टॉकर’ हा २००७ सालचा युक्रेनी खेळ आवडणाऱ्यास, तो ज्या कादंबरीवरून स्फुरला ती स्त्रुगात्स्की बंधूंची १९७२ सालची ‘रोडसाइड पिकनिक’ सुचविता येईल. नारळीकर तर घरचेच आहेत.

म्हणून पालकांनी, शिक्षकांनी आणि विशेषतः ग्रंथपालांनी अशा मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेऊ नये. त्यात काय आहे, ते त्यास विचारावे. त्या पंचाहत्तर मुलांना पळविणे योग्य होते काय, यावर त्याच्याशी वाद घालावा, आणि तो संपण्यापूर्वी पुढचे पुस्तक त्याच्यासाठी कपाटातून काढून ठेवावे.