फेराइटचें कडें आणि स्वतःच भरणारी बॅटरी

भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें म्हणजे त्यांतला सेल काढून टाकण्यांत येतो, आणि तो मेला असें घरांतील मंडळी समजतात. परंतु ज्या घरांत विजेच्या खटपटीचा नाद असलेला एखादा मुलगा किंवा एखादे आजोबा असतात, तेथें त्या सेलाचें उत्तरकार्य इतक्या लवकर उरकत नाहीं. निकामी झालेल्या सीएफएल दिव्याच्या बैठकींतून अंगठीएवढें काळें कडें काढावयाचें, त्यावर बारीक तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या घालावयाच्या, त्यांना एक ट्रान्झिस्टर व एक रेझिस्टर जोडावयाचा, कीं त्या मेलेल्या सेलावर पांढरा एलईडी दिवा लख्ख पेटतो! हा प्रकार पाहिला म्हणजे पुढचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मेलेल्या सेलांतून जर प्रकाश निघाला, तर याच कड्यावर तिसरी गुंडाळी घालून तिची वीज पुन्हां बॅटरींतच सोडली, तर बॅटरी स्वतःच स्वतःला भरीत राहणार नाहीं काय?

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या मातींत अशी खटपट नवी नाहीं. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं आपला कारखाना उभारला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत. स्वतःच्या हातानें करून पाहण्याची हौस अशी या भागांत पिढ्यांची आहे. तिची थट्टा करणें योग्य नव्हे. तिला नेमका प्रश्न विचारावयास शिकविणें मात्र अगत्याचें आहे.

प्रथम तें काळें कडें काय आहे हें पाहूं. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडांत मँगॅनीज, जस्त किंवा निकेल यांचीं ऑक्साइडें मिसळून, कुंभार मडकें भाजतो तसा भाजून काढलेला पदार्थ. टोकियो येथील योगोरो काटो व ताकेशी ताकेई यांनीं १९३० च्या सुमारास त्याचा शोध लावला. फेराइट चुंबकत्व सहज पत्करतें, परंतु वीज आपल्या अंगांतून सहसा वाहूं देत नाहीं. साध्या लोखंडांतील चुंबकत्व सेकंदास हजारों वेळां बदलूं लागलें, तर त्याच्या पोटांत विजेचे भोंवरे उठतात व तें तापतें. फेराइटमध्यें ही हानि फार थोडी होते.

आतां दिवा कसा लागतो तें पाहावें. नव्या सेलाचा दाब दीड व्होल्ट असतो, आणि पांढऱ्या एलईडीला सुमारें तीन व्होल्ट लागतात. तेव्हां एकटा नवा सेलही तो पेटवूं शकत नाहीं. पाण्याच्या नळाची तोटी जोरांत सुरू असतां एकदम बंद केली, तर नळ धडधडतो. वाहत्या पाण्याला एकाएकीं अडविल्यामुळें क्षणभर दाब चढतो, म्हणून हा आवाज होतो. कड्यावरील गुंडाळींतही असेंच घडतें. ट्रान्झिस्टर उघडला कीं गुंडाळींतून प्रवाह वाढत जातो व कड्यांत चुंबकीय क्षेत्र सांठतें. दुसरी गुंडाळी योग्य क्षणीं ट्रान्झिस्टर बंद करते. क्षेत्र ढांसळतें, दाब चढतो आणि सांठलेली वीज दिव्यांतून बाहेर पडते. सेकंदास हजारों वेळां हें घडत असल्यामुळें डोळ्यांना दिवा सतत पेटलेला दिसतो. दाब वाढतो खरा, परंतु त्या प्रमाणांत वीज वाहण्याचा काळ व प्रवाह हीं कमी होतात. म्हणजे येथें वीज निर्माण होत नाहीं. कमी दाबाची वीज देऊन तिच्या मोबदल्यांत अधिक दाबाची, पण थोडी वीज घेतली जाते.

मग मेलेल्या सेलांत हें बळ आलें कोठून? तो सेल मेलेलाच नव्हता. नव्या अल्कलाइन पेन्सिल-सेलांत सुमारें दहा हजार ज्यूल इतकी ऊर्जा असते. एक वॉटचा दिवा पावणेतीन तास जळावा एवढी. दाब एक व्होल्टाच्या आसपास उतरला कीं घड्याळ थांबतें, पण सेलांत कांहीं ऊर्जा उरलेली असते. हें कडें सुमारें अर्ध्या-पाऊण व्होल्टापर्यंत ती काढून घेतें. दुधाच्या भांड्याची खरवड गोड लागते, आणि ती वायां न घालविणारी गृहिणी शहाणी खरी. परंतु खरवडीनें भांडें पुन्हां दुधानें भरत नाहीं.

तरीही पुष्कळ हौशी मंडळींना आपली बॅटरी भरत असल्याचा अनुभव येतो, आणि ते खोटें बोलत नसतात. फसवितो तो मीटर. दिवा बंद करून सेल रात्रभर ठेवला, तर सकाळीं त्याचा दाब चढलेला दिसतो. थकलेला हमाल घटकाभर बसला कीं आणखी चार पावलें चालतो. म्हणून तो मध्यंतरीं जेवला, असें होत नाहीं. सेलाच्या आंतील रसायनें विसाव्यानें पुन्हां सारखीं पसरतात, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय साधा मल्टीमीटर स्थिर प्रवाह किंवा घरगुती विजेची संथ लाट मोजण्यासाठीं केलेला असतो. कड्याच्या बारीक व तीव्र ठोक्यांपुढें त्याचे आंकडे भरंवशाचे राहत नाहींत.

हा मोह आजचा नाहीं. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथांत पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचें, आपोआप फिरणारें स्वयंवह चक्र वर्णिलें आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवजवळील पाटण येथें आहे. एवढ्या थोर गणित्याला जी कल्पना भुरळ घालते, तिच्या नादीं एखादा शाळकरी मुलगा लागला तर नवल नाहीं. युरोपांतही शतकानुशतकें अशीं चक्रें काढण्यांत आलीं. अखेर १७७५ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणेंच बंद केलें. पुढें १८४० नंतरच्या दशकांत ज्यूल, हेल्महोल्ट्झ प्रभृति शास्त्रज्ञांनीं ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पक्का केला. ऊर्जा रूप पालटते. ती शून्यांतून उपजत नाहीं. उलट, प्रत्येक पालटांत थोडी उष्णता होऊन निसटते. मोटारीच्या शिशाच्या बॅटरींत शंभर ज्यूल भरले, तर परत सुमारें पंचाहत्तर ते ऐशींच मिळतात. तेव्हां स्वतःच्याच विजेवर भरणारी बॅटरी दर फेरींत थोडी थोडी रितीच होत जाणार.

परंतु हें कोणीं सांगितलें म्हणून मानण्याची आवश्यकता नाहीं. घरीं पडताळून पाहतां येतें. बॅटरी काढून तिच्या जागीं एक फॅरडचा कपॅसिटर बसवावा व तो दोन व्होल्टांपर्यंत भरावा. त्यांत बरोबर दोन ज्यूल मावतात, आणि विसाव्यानें दाब चढण्याची लबाडी त्यांत जवळजवळ नसते. मंडळ खरोखर स्वतःला भरीत असेल, तर दाब कधींच उतरूं नये. तो एक व्होल्टावर आला, म्हणजे अर्धाच ज्यूल उरला व दीड ज्यूल खर्च झाला. पूर्ण तेजानें जळणारा साधा एलईडी एवढी ऊर्जा पंचवीस सेकंदांत संपवितो. वेळ आणि दाब वहींत मांडून ठेवावे. ती वही मीटरपेक्षां अधिक खरें बोलेल. प्रयोग करतांना एक खबरदारी मात्र घ्यावी. साधे सेल पुन्हां भरूं नयेत, कारण ते गळतात किंवा फुटतात. आणि लिथियमच्या बॅटरीला अशा घरगुती मंडळानें कधींच भरूं नये, कारण तिला आग लागण्याचा धोका असतो.

आपोआप चालल्यासारख्या दिसणाऱ्या वस्तु जगांत आहेत. त्यांच्यामागचा दाता शोधावा म्हणजे झालें. बॅटरीवांचून बोलणारा स्फटिकाचा रेडिओ-संच प्रक्षेपण केंद्रानें हवेंत सोडलेल्या ऊर्जेवर बोलतो. सातारा जिल्ह्यांतील कोयनेचें पाणी १९६२ पासून सह्याद्रीच्या पोटांतून उतरून वीज देत आहे आणि त्या प्रकल्पाची सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे; पण तें पाणी समुद्रांतून उचलून घाटमाथ्यावर आणणारा मजूर म्हणजे सूर्य. चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवरच्या पवनचक्क्यांना फिरविणारा वाराही त्याच धन्याचा.

म्हणून कडें गुंडाळणाऱ्या मुलाच्या हातांतून तार काढून घेऊं नये. त्याच्या मंडळाला सूर्यप्रकाशाची एक लहानशी पट्टी जोडून द्यावी, म्हणजे त्याची बॅटरी खरोखरच भरूं लागेल. आणि ती कोणाच्या जिवावर भरते, हें त्याच्याच वहींत त्याच्याच हातानें लिहिलें जाईल. असा हिशेब एकदां जमला, म्हणजे ‘फुकटची वीज’ देणारें यंत्र विकावयास आलेल्या माणसाला तो मुलगा एकच प्रश्न विचारील: आंत किती घातली आणि बाहेर किती आली? तेवढ्यानें घरचे पैसेही वांचतील.