सहा बटणांचं बिऱ्हाड

खाली, तिरकं पुढे, पुढे आणि बुक्कीचं बटण. नव्वदच्या दशकात ज्यांनी खाऊचे पैसे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उडवले, त्यांच्या मनगटाला हे अजून पाठ असेल. दांडा असा पाव वर्तुळात फिरवला की र्‍यू नावाच्या पैलवानाच्या तळहातांतून निळा गोळा सुटायचा आणि मागे उभी असलेली पोरं 'आडुकेन' म्हणून ओरडायची. मूळ जपानी शब्द 'हादोकेन' आहे, हे कळायला मधे बरीच वर्षं जावी लागली.

खेळाचं नाव 'स्ट्रीट फायटर २'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९१ मध्ये तो पार्लरच्या यंत्रात आणला. निवडायला आठ लढवय्ये, शेवटी भिडणारे चार खलनायक, आणि सहा बटणं: बुक्कीची तीन, लाथेची तीन, हलकी, मध्यम, जोरकस. पुढच्या वर्षीपासून हा खेळ घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर येऊ लागला. अशा आवृत्तीला 'पोर्ट' म्हणतात. कुठला पोर्ट सरस, यावर गेली तीस-बत्तीस वर्षं भांडणं चालू आहेत आणि ती बहुतेक रंग किती, ढग हलतात का, आवाज घोगरा का, अशाच मुद्द्यांवर होतात. मला ही मोजदाद थोडी चुकीची वाटते. वाड्यातलं बिऱ्हाड दोन खोल्यांत हलवताना सगळं सामान टेंपोत मावणार नाहीच. काय टाकून आलात यापेक्षा काय काही झालं तरी टाकलं नाहीत, यावरून घर कळतं.

आधी वाडा केवढा होता ते बघू. पार्लरच्या यंत्रातल्या बोर्डावर नुसत्या चित्रांसाठी ६ मेगाबाइट भरतील एवढ्या चिपा होत्या. प्रोग्रॅम आणि आवाज त्याव्यतिरिक्त. याउलट १९९२ च्या जूनमध्ये जपानमध्ये सुपर निन्टेंडोसाठी आलेली कॅसेट (कार्ट्रिज म्हणायचं, पण आपल्याकडे ती कॅसेटच होती) १६ मेगाबिटची होती. त्या यंत्रासाठी तोवर एवढी मोठी कॅसेट निघाली नव्हती आणि जाहिरातीत हा आकडा मोठ्या ऐटीत मिरवला गेला. पण बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक असतो. हिशेब केला तर हाती येतात २ मेगाबाइट, आणि त्यातच चित्रं, संगीत, किंकाळ्या, सगळं कोंबायचं.

पडद्याचीही अडचण होती. मूळ खेळाचं चित्र आडवं ३८४ ठिपक्यांचं, उभं २२४. सुपर निन्टेंडोवर उभे ठिपके तितकेच, पण आडवे २५६. टीव्हीचा पडदा मात्र तेवढाच रुंद, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदावतो. जुनं चित्र जसंच्या तसं चिकटवलं असतं तर खेळातली चुन-ली सुमो पैलवानासारखी फुगली असती आणि खरा सुमो पैलवान, होंडा, पडद्यात मावला नसता. म्हणून माणसं नव्यानं, जरा लहान काढावी लागली. लाकडी पिंपं फोडायची अवांतर फेरी गेली, तिच्या जागी विटा फोडायची आली.

तरी कॅपकॉमनं लढवय्ये सगळे ठेवले आणि त्यांचे डावही ठेवले. सहा बटणांचा प्रश्न निन्टेंडोच्या कंट्रोलरनं आपसूक सोडवला होता: चार बटणं उजव्या अंगठ्याखाली, दोन वरच्या कडेला तर्जन्यांसाठी. जोरकस बुक्की डाव्या तर्जनीवर आणि जोरकस लाथ उजव्या तर्जनीवर. पहिले दोन दिवस बोटं गोंधळतात, मग सरावतात. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती न दिसणारी गोष्ट: हाताची चाल ओळखण्याची पद्धत. खाली, तिरकं, पुढे हा क्रम ठराविक वेळात पुरा झाला तरच गोळा सुटतो. ही मुदत फार आखडली तर डाव लागत नाहीत, फार सैलावली तर नको तेव्हा लागतात. पार्लरमध्ये घटवलेला हात घरी चालला, आणि कॅसेटी ६३ लाख खपल्या.

भाडेकरूनं वाड्यात नव्हती अशी एक सोयही करून घेतली. मूळ यंत्रावर दोघांना एकच लढवय्या घेता येत नसे. घरच्या कॅसेटमध्ये कॅपकॉमचं नाव झळकत असताना खाली, आर, वर, एल, वाय, बी अशी बटणं दाबली की र्‍यूविरुद्ध र्‍यू लावता यायचा.

सेगाच्या मेगा ड्राइव्हवर खेळ यायला सप्टेंबर १९९३ उजाडला. ही नंतरची सुधारलेली आवृत्ती, २४ मेगाबिटची. कागदावर हे यंत्र मूळच्या जवळचं. मुख्य चिप त्याच घराण्यातली, मोटोरोला ६८०००. पार्लरमध्ये ती १० मेगाहर्ट्झला चाले, इथे साडेसात-पावणेआठला. संगीताची चिपही यामाहाची, चुलत भाऊच म्हणा. पण पडद्यावर एका वेळी रंग ६४, निन्टेंडोकडे २५६; त्यामुळे सूर्यास्त जरा मळकट दिसतात. आणि आवाज! गोळा सोडताना र्‍यू घसा बसल्यासारखा खोकतो. कित्येक वर्षं सगळ्यांनी याचं खापर यंत्रावर फोडलं. पुढे हौशी प्रोग्रॅमरांनी फक्त आवाज वाजवणारा भाग नव्यानं लिहिला, तर त्याच यंत्रावर, त्याच खेळात आरोळ्या स्वच्छ ऐकू आल्या. बिचारं यंत्र विनाकारण बदनाम झालं होतं. घाई माणसांची होती.

मेगा ड्राइव्हचा खरा अडसर बटणांचा. मूळ कंट्रोलरवर तीनच. त्यावर तोडगा असा की स्टार्टचं बटण दाबून बुक्क्यांवरून लाथांवर जायचं, पुन्हा दाबून परत यायचं. बुक्की मारता मारता पटकन लाथ घालणं हाच ज्या खेळाचा जीव, त्यात मधे दिव्याचं बटण शोधावं तसा हा प्रकार. सेगानं त्याच वर्षी सहा बटणांचा कंट्रोलर काढला आणि तो हातात घेतला की हा पोर्ट एकदम जिवंत होतो. काहींच्या मते तर निन्टेंडोपेक्षा सरस, आणि ते अगदी चूक नाहीत.

पीसी इंजिन हे जपानी यंत्र १९८७ चं, आठ बिटांचं, मूळ कंट्रोलरवर दोन बटणं, मागच्या देखाव्याला एकच थर. त्यावर हा खेळ काढायचा म्हणजे वेडेपणा. तरी १९९३ मध्ये २० मेगाबिटचं, पाठीवर उंचवटा असलेलं एक कार्ड निघालं आणि वेगळा सहा बटणांचा कंट्रोलर लावला की ते थक्क करतं. गरीब घरातल्या हुशार मुलाकडे बघावं तसं मी त्याच्याकडे बघतो.

ब्रिटनमध्ये यू. एस. गोल्ड या कंपनीनं घरगुती संगणकांसाठी जे केलं, त्यावर फार शाई खर्चायला नको. त्यांतल्या अमिगाच्या जॉयस्टिकला बहुधा एकच बटण. सहा प्रहार त्या एका बटणात आणि दांड्याच्या दिशांत बसवले. दिसायला ठीक, खेळायला शिक्षा. पडद्याचा फोटो पाहून पोर्ट जोखू नये तो यासाठीच.

याच्या अगदी उलट गेम बॉय, १९९५. करड्या-हिरव्या चार छटा, दोन बटणं. कॅपकॉमनं इथे शहाणपणा केला: बटण हलकं टिचकवलं तर हलका प्रहार, दाबून धरलं तर जोरकस. सामान कमी करायचं म्हणून तीन लढवय्ये मात्र गाळले, आणि त्यांत आपला धालसिम गेला. भारतीय योगी, हातपाय रबरासारखे लांबवणारा, गळ्यात कवट्या. त्याच्या मैदानात दोन्ही बाजूंना हत्ती आणि मधे भिंतीवर गणपती. गणपतीसमोर होंडा उड्या मारतोय, हे दृश्य पार्लरमधल्या कुणालाच खटकलं नव्हतं. धालसिमला का वगळलं ते समजू शकतं, एवढ्याशा पडद्यावर तेवढे लांब हात काढायचे कुठे? तरी मनात राहिलं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत यांतलं काहीच आलं नाही. आली ती आठ बिटांच्या निन्टेंडोची नक्कल करणारी स्वस्त यंत्रं आणि 'शेकडो गेम एकात' असं लिहिलेल्या कॅसेटी. त्यांत 'स्ट्रीट फायटर २' दिसला असेल तर तो चोरीचा होता. कॅपकॉमनं त्या यंत्रासाठी हा खेळ कधी काढलाच नाही.

टीव्हीचीही एक भानगड होती. जपान आणि अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, युरोपची पाल पद्धत ५० वेळा. भारतातही पालच. युरोपात विकलेल्या निन्टेंडोच्या कॅसेटीत हा हिशेब जुळवला नाही, तेव्हा खेळ सुमारे १७ टक्के मंदावला आणि वर-खाली काळे पट्टे आले. तिथल्या पोरांना तोच खरा वेग वाटत होता.

काय टाकायचं नाही, हे चुकलं तर काय होतं ते 'मॉर्टल कॉम्बॅट' या दुसऱ्या मारामारीच्या खेळानं दाखवलं. १३ सप्टेंबर १९९३ ला तो सुपर निन्टेंडो आणि मेगा ड्राइव्ह या दोन्ही यंत्रांवर आला. निन्टेंडोची आवृत्ती दिसायला मूळच्या अधिक जवळ, पण कंपनीच्या सोवळ्यापायी रक्ताऐवजी करडा घाम उडायचा. सेगावर ए, बी, ए, सी, ए, बी, बी दाबलं की रक्त. मुलं कुठे वळली असतील ते सांगायला नको.

पुढच्या पिढीत हेच दुखणं स्मृतीच्या रूपानं परतलं. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'मध्ये दोघादोघांच्या जोड्या लढतात आणि ऐन लढतीत गडी बदलता येतो. सेगा सॅटर्नवर ४ मेगाबाइटची जादा स्मृती खोचून हे जमलं. प्लेस्टेशनची मुख्य स्मृती २ मेगाबाइट. चार लढवय्ये त्यात मावेनात, म्हणून गडी बदलणंच काढून टाकलं. जोडीदार फक्त मदतीला डोकावायचा. रंग शाबूत, खेळ गेला.

आता मूळ प्रोग्रॅमच आधुनिक यंत्रावर चालवतात. २०१८ मध्ये कॅपकॉमनं बारा जुने खेळ एका संग्रहात दिले, त्यात पार्लरचा अस्सल 'स्ट्रीट फायटर २' आहे. ठिपका न् ठिपका तोच. पण चपटा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर बुक्की उशिरा निघते. साठ भागांच्या सेकंदातले चार-पाच भाग गेले तरी हाताला ते लगेच कळतं. खेळणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' आधी चालू करा.

मला एकच निवडायला सांगितलं, तर १९९२ ची सुपर निन्टेंडोची कॅसेट, साठाच्या वेगावर. मेगा ड्राइव्हवाल्यांनी रागावू नये. त्यांनी सहा बटणांचा कंट्रोलर घेऊन यावं, दोन हात करू.