पोट लहान झाले, आता ताटाचे काय?

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया ही बड्या लोकांची गोष्ट, असे आपण समजत होतो. नितीन गडकरी यांनी २०११ साली ती करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचा बराच बोलबाला झाला. आता आपल्या धाराशिव, कळंब, उमरग्याकडचे लोकही सोलापूर-पुण्याला जाऊन तिची चौकशी करतात. ऑपरेशन काही तासांचे. घरी आल्यावरचे पथ्य मात्र जन्माचे असते.

एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. दुसऱ्या, म्हणजे बायपास प्रकारात अंड्याएवढी पिशवी ठेवून आतड्याचा रस्ता बदलतात. पहिले सुमारे दोन आठवडे वरणाचे निवळ पाणी, ताक, पातळ पेज. पुढे घोटलेले मुगाचे वरण, हुलग्याचे माडगे, मऊ अंडे. आपली ज्वारीची भाकरी सर्वांत शेवटी, तीही वरणात कुस्करून चतकोर. मटणाचा तुकडा नीट चावला नाही तर घशाखाली अडकतो; त्यापेक्षा खिमा बरा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यात असतात जेमतेम ६. म्हणून घास आधी डाळीचा, अंड्याचा, मग भाकरीचा.

आमच्या मते खरी अडचण स्वयंपाकाची नाही, आग्रहाची आहे. "एवढ्याने काय होतंय, आणखी अर्धी घे," असे सासूबाई प्रेमानेच म्हणतात. उरलेले वाया जाऊ नये म्हणून शेवटी बसून पातेले पुसून खाणारी आपली गृहिणी, तिने तर ही सवय त्याच दिवशी सोडली पाहिजे. बुद्धपौर्णिमेची खीरसुद्धा दोन चमचेच घ्यावी. बायपास झालेल्याच्या आतड्यात गोड एकदम उतरले की छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात.

पाण्याचेही तसेच. रानातून आल्यावर तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणे आता जमणार नाही. जेवणाच्या अर्धा तास आधी व नंतर पाणी नको. एरवी दिवसभर घोट घोट चालू ठेवावे. उन्हाळ्यात तर बाटली कमरेलाच हवी.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर थांबू नये. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. तो संपला की पाय लुळे पडतात, तोल जातो, डोके भ्रमिष्ट होते आणि हे नुकसान कायमचेही ठरते. गावात उलटी म्हटली की ग्लुकोजची सलाईन लावतात. ब-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर दुखणे वाढते. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, "पोटाचे ऑपरेशन झाले आहे."

ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. हा खर्च ऑपरेशनच्या आधीच हिशेबात धरावा. वजन उतरले, अंग हलके वाटू लागले, की गोळ्या बंद करणारे पुष्कळ असतात. वर्षा-दोन वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते.

आणि मजुरीवरून आल्यावर दुकानातून अंगदुखीची गोळी आणून गिळण्याची सवय? बायपासनंतर तिने नव्या जोडावर जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. बिडीनेही होते. कोणती गोळी चालेल ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवावा.