लॅपटॉप अपग्रेड केला अन् हेडफोन मुका झाला?



आपल्या कार्यक्षेत्रात आता पुष्कळ घरांतून लॅपटॉप आला आहे. मुलं-मुली त्यावर शिकतात, परीक्षा देतात, नोकरीची मुलाखतदेखील घरबसल्या देतात. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे अनेकांनी विंडोज ११ चढविली. पाठोपाठ एक तक्रार येते, "काल चांगला वाजत होता, आज हेडफोनमधून आवाजच नाही!" मग दुकानाकडे धाव. तिथे कोणी "बोर्ड गेला" म्हटले की उसाच्या बिलातले काही हजार रुपये उगीच जायचे. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी पुढील माहिती वाचावी.

असे का होते?

हेडफोन आणि लॅपटॉपमधील आवाजाची चिप ही झाली यंत्रसामग्री. विंडोज ही तिला हुकूम देणारी प्रणाली. या दोहोंमध्ये निरोप पोचविणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. शेतकी ऑफिस आणि ऊसतोड टोळी यांच्यामध्ये मुकादम असतो ना, तसाच हा. साहेब बदलले आणि नव्या साहेबांची बोली मुकादमाला कळेना, तर टोळी धडधाकट असूनही तोड बंद पडते. अपग्रेडनंतर पुष्कळदा हेच घडते. यंत्र शाबूत असते, निरोप पोचत नाही.

काय करावे? पुढील क्रम मोडू नये.

१. प्रथम हेडफोन दुसऱ्या लॅपटॉपला किंवा मोबाईलला लावून पाहा. तिथेही मुका असेल तर दोष हेडफोनचाच. वाजला, तर लॅपटॉपच्या भोकात कचरा अडकला नाही ना ते बघा आणि पिन पूर्ण आत बसवा. पिन अर्धवट बसली तरी आवाज जातो.

२. पाटाला पाणी भरपूर आहे, पण दारं दुसऱ्याच सरीला मोडलंय, असे होते की नाही? तसेच इथे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. आवाजाच्या पट्टीशेजारी दुसरे एक छोटे चिन्ह दिसेल. ते दाबले की आवाज कुठे सोडायचा त्याची यादी येते. अपग्रेडनंतर तिथे टीव्ही, मॉनिटर किंवा जुना ब्लूटूथ स्पीकर निवडलेला राहू शकतो. आपला हेडफोन निवडा. तो यादीत वेगळा नसेल तर रिअलटेक नावाचा स्पीकर निवडा.

३. नंतर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. नुसता 'शट डाऊन' पुरत नाही, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये त्याने विंडोज पुरती बंद होत नाही. रीस्टार्टने सगळे नव्याने सुरू होते.

४. तरीही आवाज नसेल तर मुकादमाकडे वळा. स्टार्टच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटन दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' खाली रिअलटेक किंवा तत्सम नाव असेल. त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' या भागात 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटन चालू असेल तर ते दाबा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटन फिके असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा. विंडोज स्वतःच ड्रायव्हर पुन्हा बसविते. एवढ्यानेही भागले नाही, तर लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर घ्यावा. जाहिरातीतले "फुकट ड्रायव्हर" घेऊ नयेत. त्यातून नको ती ब्याद घरात शिरते.

५. ऐकू येते, पण आपले बोलणे समोर जात नाही, अशी तक्रार असेल तर 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'मायक्रोफोन'ला परवानगी द्या. ब्लूटूथ हेडफोन असल्यास तो यादीतून काढून पुन्हा जोडा.

दहा दिवसांची मुदत

काहीच लागू पडले नाही, तर 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'रिकव्हरी' येथे 'गो बॅक' हे बटन आहे. त्याने जुनी प्रणाली परत येते. मात्र ही सवलत अपग्रेडपासून साधारण १० दिवसच असते. जुन्या विंडोजच्या फायली पुसल्या तर तीही जाते. शिवाय परत गेल्यावर विंडोज १० चा मोफत आधार संपलेलाच आहे, म्हणून हा शेवटचा उपाय समजावा आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी काढून ठेवावी.

भोकच खरोखर खराब निघाले, तरी बोर्ड बदलण्याची घाई नको. यूएसबीला लागणारा हेडफोन आणा. त्यात आवाजाची चिप स्वतःचीच असते, त्यामुळे काम थोडक्या पैशात भागते.

शेवटी एकच सांगणे. गळीत चालू असताना कोणी मिल उघडून बसत नाही, दुरुस्ती ऑफ सिझनलाच करतो. त्याच न्यायाने पोराची परीक्षा किंवा पोरीची मुलाखत तोंडावर असताना अपग्रेडला हात लावू नये. सुट्टीत करावे, आणि त्याच दिवशी हेडफोन लावून आवाज व माईक दोन्ही तपासून घ्यावेत.