लक्ष नसताना मेंदू काय ऐकतो

“काल केस धुतलेत ना, ताई? तेल नाही ना लावलेलं?” डिप्रेशनच्या अभ्यासासाठी ईईजीच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला तंत्रज्ञ आधी हेच विचारतात. विचारणं भागच असतं, कारण मेंदूतून डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचणारी वीज मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजायची असते. तेलाचा पातळसा थरही तिच्या आड येतो.

मग टेप निघते. दोन भुवयांमधल्या खोलगट जागेपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत अंतर मोजतात आणि त्याच्या दहा-वीस टक्क्यांच्या हिशेबाने इलेक्ट्रोडच्या जागा ठरवतात. त्या बेताने टोपी चढवली की बोथट सुईच्या सिरिंजने एकेका इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं. केस बाजूला सारायचे, त्वचा हलकेच घासायची, पडद्यावरचा रोधाचा आकडा उतरला की पुढच्या जागेकडे वळायचं. “दुखणार नाही, फक्त गार लागेल,” हे वाक्य इथे दिवसभर ऐकू येतं. डिप्रेशनमधून जाणाऱ्या माणसाला सकाळी उठून इथवर येणंच किती जड गेलं असेल, हे या हातांना ठाऊक असतं. म्हणून कोणी घाई करत नाही.

“डोळे मिचकवा.” पडद्यावर मोठा उंचवटा उमटतो. “दात आवळा.” साऱ्या रेषा काळ्याकुट्ट होतात. पापणी आणि जबडा यांची वीज मेंदूच्या लहरीला सहज गिळून टाकते, हे आलेल्या माणसाला असं दाखवून दिलं की तो आपणहून स्वस्थ बसतो. मोबाइल बाहेर ठेवलेले असतात. भिंतीतल्या वायरींमधली 50 हर्ट्‌झची गुणगुणही नोंदीत घुसू नये म्हणून धडपड चाललेली असते.

आता समोर मूकपट लागतो आणि कानात इअरफोन. सूचना एकच: चित्रपट बघा, आवाजांकडे लक्ष देऊ नका. दर अर्ध्या सेकंदाला तोच ‘टिक्’ वाजत राहतो, शंभर मिलिसेकंदांचा. अधूनमधून, कधी ते सांगता येणार नाही अशा बेताने, एखादा ‘टिक्’ निम्म्या लांबीचा येतो. बघणारा चित्रपटात रमलेला असतो. तरी बदल झाल्यावर साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंदांत कपाळाच्या वरच्या भागात ऋण दिशेची एक छोटी लहर उठते.

चालू नोंदीत ती डोळ्यांना दिसत नाही, कारण ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते आणि तिच्याभोवती मेंदूचा बाकीचा कारभार दसपट जोराने चाललेला असतो. शेकडो छोट्या ‘टिक्’नंतरचे तुकडे कापून त्यांची सरासरी काढायची, नेहमीच्या ‘टिक्’ची सरासरी त्यातून वजा करायची, मग ती लहर वर येते. पापणी लवलेले तुकडे आधीच बाजूला काढलेले असतात.

या लहरीचं नाव मिसमॅच निगेटिव्हिटी. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्टो नॅटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये तिचं वर्णन केलं. पुढे तिचा अर्थ असा लावला गेला: मेंदू नुकत्याच ऐकलेल्या आवाजांवरून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि तो चुकला की ही लहर उठते. झोपलेल्या तान्ह्या बाळातही ती सापडते. पंखा चालू असताना त्याचा आवाज कोणी ऐकत नसतं, पण वीज जाऊन तो थांबला की घरातले सगळे मान वर करतात. तेच काम इथे मिलिसेकंदांत मोजलं जातं.

स्किझोफ्रेनियात ही लहर लहान होते, हे वारंवार दिसलं आहे. डिप्रेशनचं चित्र इतकं सरळ नाही. काही अभ्यासांत आजारी गटाची लहर लहान आढळली, काहींत फरकच दिसला नाही, काहींत उलट कल आला. वय, औषधं, आजार कितव्यांदा उलटला आहे, आवाजाची उंची बदलली की लांबी, या सगळ्यानुसार निकाल हलतो. शिवाय हे फरक गटांच्या सरासरीतले. निरोगी माणसांमध्येही लहर कमी-जास्त असते, त्यामुळे एका माणसाचा आलेख बघून ‘हे डिप्रेशन’ असं कोणी म्हणू शकत नाही. तशी टेस्ट विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. निदान आजही डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलेल्या हकिकतीवरच होतं आणि उपचारांसाठी तेवढं पुरतं.

तरीही हे काम मला मोलाचं वाटतं. घरोघरी डिप्रेशनच्या रुग्णाला ऐकवतात, “मन रमव, सगळं ठीक होईल.” कंटाळलेल्या, थकलेल्या माणसाला चाचणीत बटण दाबायला लावलं आणि तो मागे पडला, तर मेंदू मंदावला की उमेद संपली, हे कळत नाही. इथे बटणच नाही. माणसाची इच्छा, हिंमत, चिकाटी यांना हात न लावता मेंदूला थेट विचारता येतं. उत्तर अजून अर्धवट आहे, ते अर्धवट म्हणूनच सांगायला हवं. पण प्रश्न योग्य जागी विचारला जातोय: माणसाच्या निश्चयाला नव्हे, त्याच्या आजाराला.