सीपीआर थांबवल्यानंतरची दहा मिनिटं

आज आपण एक अवघड प्रश्न घेऊ. सीपीआर करून झाला, यश आलं नाही. मॉनिटरवर सरळ रेषा आहे, नाडी लागत नाही. प्रयत्न थांबवले. मग मृत्यू झाल्याचं त्याच क्षणी जाहीर करायचं का?

वैद्यकीय नियतकालिकांत १९८२ पासून अशा नोंदी सापडतात, की प्रयत्न सोडून दिल्यावर, काहीही न करता रुग्णाचं रक्ताभिसरण आपोआप पुन्हा सुरू झालं. बायबलमध्ये चौथ्या दिवशी थडग्यातून उठलेल्या लाझारसची गोष्ट आहे. त्यावरून याला ‘लाझारस फिनॉमेनन’ म्हणू लागले. नाव चमत्काराचं, पण कारणं आपल्याला शरीरातच शोधायची आहेत.

सगळ्यात पटणारं कारण असं. सीपीआरच्या गडबडीत कृत्रिम श्वास भराभर दिले जातात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही; दमा किंवा सीओपीडी असेल तर जास्तच. छातीतला दाब वाढतो आणि शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. आपण थांबलो की साठलेली हवा हळूहळू निघून जाते, दाब उतरतो, रक्ताला वाट मिळते. शिवाय शिरेतून दिलेलं अ‍ॅड्रेनलिनही तेव्हा कुठे हृदयापर्यंत पोचत असावं.

अशा घटना दुर्मीळ आहेत. नोंदवलेल्या बहुतेक घटना पहिल्या दहा मिनिटांतल्या आहेत. त्यातले बरेच रुग्ण पुढे दगावले, पण काही चालत घरी गेले. म्हणून सीपीआर थांबवल्यावर निदान दहा मिनिटं मॉनिटर न काढता लक्ष ठेवावं, असं तज्ज्ञ सुचवतात.

इथे एक फरक लक्षात घेऊ. अतिदक्षता विभागात ठरवून जीवरक्षक उपचार काढले आणि सीपीआर केलाच नाही, तर काय होतं? २०२१ मध्ये कॅनडा, चेक प्रजासत्ताक आणि नेदरलँड्समधल्या अशा ६३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पूर्ण नोंदी तपासता आल्या, त्यांपैकी १४ टक्के रुग्णांत थांबलेलं हृदय थोडा वेळ पुन्हा हललं. सर्वांत मोठा खंड ४ मिनिटं २० सेकंदांचा होता. त्यातलं कुणीही वाचलं नाही. हृदय थांबल्यावर अवयवदान करताना अनेक देशांत पाच मिनिटं थांबतात, त्या नियमाला यातून आधार मिळाला.

म्हणजे मृत्यू ठरवताना ‘हृदय थांबलंय का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘ते आता आपोआप सुरू होणार नाही ना?’ हेही विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर घड्याळ देतं.

बाहेर नातेवाईक बसलेले असतात. त्यांना ‘गेले’ असं सांगायचं आणि पाच मिनिटांनी ‘नाडी लागतेय’ म्हणायचं, यासारखा घाव नाही. तेव्हा त्यांना सरळ सांगूया : ‘आम्ही प्रयत्न थांबवले आहेत. आशा जवळजवळ नाही. खात्री करून दहा मिनिटांनी सांगतो.’ हे थांबणं म्हणजे खोटी आशा लावणं नव्हे. मृत्यू जाहीर करण्याच्या कामाचाच तो भाग आहे.