विश्लेषण : क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी संशोधकांना वेगळे प्रशिक्षण का?

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण भारतात असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात नमूद आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर नवी औषधे आणि लस शोधायची, तर जिवंत जिवाणू हाताळावेच लागतात. मात्र त्यासाठी केवळ पदवी पुरेशी ठरत नाही. आधी जैवसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

या जिवाणूचा धोका वेगळा कसा?

क्षयाचा जिवाणू हवेतून पसरतो आणि संसर्गाला मोजके जिवाणूही पुरतात. त्यातच प्रयोगशाळेत वाढवलेल्या कल्चरमध्ये त्यांची संख्या रुग्णाच्या थुंकीपेक्षा कितीतरी अधिक असते. संसर्ग झाल्यावर आजार दिसायला काही महिने, कधी वर्षेही लागतात. आम्लाचा चटका लगेच धडा शिकवतो. येथे चूक झाल्याचे त्या दिवशी कळतही नाही. म्हणूनच अनुभवातून शिकण्याची वाट पाहता येत नाही.

‘बीएसएल-३’ म्हणजे काय?

जैवसुरक्षेचे चार स्तर आहेत. क्षयाच्या कल्चरवरील संशोधन साधारणपणे तिसऱ्या स्तरावर होते. (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत चौथ्या स्तराचीही प्रयोगशाळा आहे.) तिसऱ्या स्तरावर आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे दार उघडले तरी हवा आतच खेचली जाते. एका पाठोपाठ असलेली दोन दारे एकाच वेळी उघडत नाहीत. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण हा फिल्टर अडवतो.

यंत्रणा इतकी चोख, मग प्रशिक्षण कशाला?

कारण जिवाणूंचे अदृश्य तुषार हातांच्या हालचालींतून उडतात. पिपेटमधील शेवटचा थेंब जोरात बाहेर ढकलला, नळी हलवून लगेच उघडली किंवा सेंट्रिफ्यूज थांबताच झाकण काढले, तरी तुषार उडतात. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये हात झपकन आत-बाहेर केला किंवा पुढच्या जाळीवर वही ठेवली, तर संरक्षण देणारा हवेचा पडदाच विस्कटतो. त्यामुळे सुरुवातीचा सराव पाण्यावर किंवा कमी धोक्याच्या जिवाणूंवर घेतला जातो. काही ठिकाणी चमकणारा रंग वापरतात. अतिनील प्रकाशात पाहिले की शिंतोडे कुठे उडाले ते दिसते. एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का, याचीही चाचणी होते. दाढी असेल तर तो नीट बसत नाही.

नळी फुटली तर?

कॅबिनेटच्या आत सांडले, तर त्याचा पंखा सुरूच ठेवायचा. बाहेर सांडले, तर पुसायला धावायचे नाही. सर्वांना सावध करून खोली सोडायची, दार बंद करायचे आणि हवा पुरेशी बदलेपर्यंत थांबायचे. त्यानंतर मास्क लावून आत जायचे आणि सांडलेल्या जागेवर शोषक कापड टाकून जंतुनाशक ओतायचे. या जिवाणूचे आवरण मेणचट असल्याने प्रत्येक जंतुनाशक त्याला मारत नाही आणि योग्य ते वापरले तरी ठरलेला वेळ द्यावा लागतो. हा क्रम घाबरलेल्या अवस्थेतही आठवावा, यासाठी रंगीत तालमी घेतल्या जातात.

निष्काळजीपणाची किंमत काय?

१९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक शहरात बीसीजी लस दिलेली सत्तरहून अधिक बालके क्षयाने दगावली. लसीच्या मूळ जिवाणूंत दोष नव्हता. ज्या प्रयोगशाळेत लस तयार झाली, तेथेच ठेवलेले क्षयाचे घातक जिवाणू तिच्यात मिसळले होते.

चूक कळवणाऱ्याचे काय?

प्रशिक्षणाचा हा शेवटचा, पण महत्त्वाचा भाग. हातमोजा फाटला, थेंब सांडला, तर त्याच दिवशी नोंद झाली पाहिजे. तरच त्या व्यक्तीची वेळेवर तपासणी होते आणि गरज पडल्यास उपचार सुरू करता येतात. बोलणी खावी लागतील म्हणून चूक लपवली जात असेल, तर कोट्यवधींची प्रयोगशाळाही सुरक्षित राहत नाही.